खांब मानेशी करपतो तेव्हा: रोटरी अक्षावरील टूलपाथची तपासणी

फणसाचा किंवा सागाचा देव्हाऱ्याचा खांब सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या आज्ञांवर लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या) रोटरी अक्षावर, म्हणजे खांब फिरवणाऱ्या भागावर, बिघडला की सावंतवाडी-कुडाळकडे पहिला सल्ला मोटर बदलण्याचा मिळतो. तो मानू नये. आधी बिघाड कसा दिसतो ते नीट पाहावे.

टूलचे टोक अक्षाच्या मध्यरेषेवर आहे ना आणि झेडचा (टूलच्या उंचीचा) शून्य कॅममध्ये, म्हणजे टूलचा मार्ग (टूलपाथ) आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, धरला तेथेच, केंद्रावर किंवा पृष्ठभागावर, आहे ना, एवढे तपासावे. आमच्या दमट हवेत अर्धवट वाळलेले लाकूड नंतर लंबगोल होते, म्हणून नक्षीपूर्वी ते गोल करून घ्यावे.

खांबाभोवती फिरून आलेल्या नक्षीचा जोड जुळत नसेल आणि फट सगळीकडे सारखी असेल, तर कॅममधील व्यास चुकलेला असतो. फट प्रत्येक फेऱ्याला ठरावीक वाढत असेल, तर एका अंशासाठी मोटरला जाणाऱ्या पल्सचा (विजेच्या ठोक्यांचा) आकडा तपासावा. २०० स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे ८ मायक्रोस्टेप (बारीक भाग) आणि ६ः१ गुणोत्तर असल्यास तो २६.६६६७ येतो, तेथे २६.६६ भरल्यास फेऱ्यामागे ०.०९ अंश कमी पडतात आणि शंभर फेऱ्यांच्या सर्पिल मार्गात ६० मिमी व्यासावर सुमारे ४.७ मिमी सरक दिसते. सरक अनियमित असेल, तर बेल्ट आणि पुलीला दांड्यावर पकडणारा ग्रब स्क्रू आवळावा.

खरी कसोटी फीडची, म्हणजे कापताना पुढे सरकण्याच्या वेगाची, आहे, आणि मलाही सर्वाधिक वेळ याच टप्प्यावर लागला. फक्त ए अक्ष (खांब फिरवणारा) फिरत असताना नेहमीच्या जी ९४ मध्ये, म्हणजे फीड मिनिटामागे मोजणाऱ्या मोडमध्ये, एफ १२०० (एफ हा फीडचा आकडा) म्हणजे मिनिटाला १२०० मिलिमीटर नव्हे, तर १२०० अंश. ६० मिमी व्यासावर हा पृष्ठवेग मिनिटाला सुमारे ६२८ मिमी होतो, पण २० मिमीच्या मानेवर (खांबाच्या अरुंद भागावर) तो २०९ मिमीच उरतो. टूल तेथे कापण्याऐवजी घासत राहते आणि लाकूड काळे पडते. अशा वेळी सरसकट फीड वाढवण्याचा सल्ला घातक आहे, कारण मान वाचते पण जाड भागावर टूलवर ताण येऊन ते मोडू शकते. एक्स (खांबाच्या लांबीचा अक्ष) आणि ए एकत्र चालताना तर प्रत्येक कंट्रोलरचा (यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचा) हिशेब वेगळा असतो.

यावर भरवशाचा उपाय जी ९३ हा दुसरा फीड मोडच आहे. त्यात एफ म्हणजे ती ओळ पूर्ण होण्यास लागणाऱ्या मिनिटांचा व्यस्त: लाकडावर १० मिमी अंतर मिनिटाला १००० मिमी वेगाने कापायचे असेल, तर वेळ ०.०१ मिनिट आणि एफ १००. ग्रबल आणि लिनक्ससीएनसी ही दोन्ही कंट्रोलर सॉफ्टवेअर ही पद्धत ओळखतात. आपल्या कंट्रोलरसाठी ती देणारा पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा भाग) निवडावा आणि फाइल उघडून प्रत्येक जी १ (कापत सरकण्याच्या आज्ञेच्या) ओळीवर स्वतंत्र एफ आहे याची स्वतः खात्री करावी. पोस्टच्या नावावर विश्वास ठेवू नये.

फाइलच्या शेवटी जी ९४ असलेच पाहिजे. ते राहून जाऊन मोड जी ९३ च राहिला आणि पुढच्या सपाट कामाच्या फाइलनेही मोड बदलला नाही, तर तिच्या पहिल्या ओळीतील एफ १२०० चा अर्थ कंट्रोलर १/१२०० मिनिट, म्हणजे ०.०५ सेकंद, असा लावतो आणि मशीन आपल्या कमाल वेगाने लाकडात घुसते.