जुनी ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर पिकअप: गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

लिव्हर डीमध्ये (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी दोन सेकंद जागची हलत नाही, किंवा फोर-व्हीलचा दिवा डॅशबोर्डवर नुसता लुकलुकत राहतो. जुन्या पिकअपच्या मालकाच्या पोटात गोळा यायला एवढं पुरतं. गॅरेजमध्ये गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

लगेच हो म्हणू नका. आपल्याकडे पिकअपमध्ये ऑटोमॅटिक उशिरा आला. स्कॉर्पिओ गेटअवे, झेनॉन या गाड्या मॅन्युअलच होत्या. इसुझू व्ही-क्रॉसला ऑटोमॅटिक 2019 मध्ये मिळाला, टोयोटा हायलक्स 2022 मध्ये आली. त्यामुळे मॅन्युअलवर हात बसलेले चांगले मेकॅनिकसुद्धा ऑटोमॅटिकची तक्रार ऐकली की थेट आतल्या क्लच प्लेटवर संशय घेतात. दोष बाहेर, स्वस्तातल्या वस्तूत असण्याची शक्यता आधी तपासून संपवायला हवी. जुन्या फोर-बाय-फोर एसयूव्हीलाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

ऑइल बघण्याची चुकीची पद्धत

इंजिन ऑइल आपण इंजिन बंद करून बघतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, बहुतेक गाड्यांत उलट पद्धतीने बघायचं असतं: गाडी सपाट जागी, गिअरबॉक्स चालवून गरम झालेला, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, लिव्हर एकदा सगळ्या गिअरमधून फिरवून पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये. पी की एन, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. थंड गाडीत लेव्हल कमी दिसली म्हणून अर्धा लिटर ओतला की गरम झाल्यावर ते जास्त होतं, ऑइलला फेस येतो आणि फेसाने प्रेशर बसत नाही. म्हणजे नसलेला आजार आपणच लावून घेतो.

बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. त्यात ऑइल ठरावीक तापमानाला असताना खालचा चेक प्लग उघडून लेव्हल बघतात, आणि तापमान स्कॅनरवर वाचतात. स्कॅनर न लावता नुसता प्लग उघडून "ठीक आहे" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रंग पांढऱ्या कापडावर बघा. लालसर आणि स्वच्छ असेल तर उत्तम. तपकिरी झालंय पण वास नाही, तर बदलायची वेळ झाली. काळपट आणि जळका वास म्हणजे आत क्लच घासले गेलेत. दुधी गुलाबी दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलूनच न्या.

एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय: कूलरच्या पाइपला, पॅनच्या गास्केटला, नाहीतर सीलला. जमिनीवर थेंब नाही आणि तरी लेव्हल उतरतेय, तर एक जागा हमखास विसरली जाते. फोर-बाय-फोर गाडीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला असतो. मधलं सील गेलं की एटीएफ बाहेर न पडता ट्रान्सफर केसमध्ये जातं. गाडी सपाट उभी करून ट्रान्सफर केसचा फिलर प्लग हळूच सैल करा. ऑइल धारेने बाहेर आलं तर चोर सापडला. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका, काही ट्रान्सफर केसमध्ये मुळातच एटीएफ भरलेलं असतं. लेव्हल प्लगच्या वर गेली आहे का, हा खरा पुरावा. हे काम सील बदलून भागतं. इथे गिअरबॉक्स ओव्हरहॉलचं बिल भरणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं.

ऑइल बदलताना "कुठलंही लाल चालतं" हे ऐकून घेऊ नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या. सीव्हीटीचं (वेगळ्या प्रकारच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल वेगळं, ते इथे चालत नाही. प्लगमधून निथळून साधारण निम्मंच ऑइल निघतं, उरलेलं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) राहतं. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत मी मशीनने फ्लश करण्याच्या विरोधात आहे. थोडं काढा, तेवढंच भरा, काही दिवस चालवा, पुन्हा करा. सावकाश होतं, पण जुन्या गाडीला तेच मानवतं.

बाहेरचा धक्का, आत शोध

आर (रिव्हर्स) टाकला की "ठक्", डी टाकला की पुन्हा "ठक्". हा आवाज गिअरबॉक्सचाच असतो असं नाही. प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, सैल असेल किंवा इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं असेल तरी असाच आवाज येतो. चाकांना ओट लावून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद आणि लिव्हर एनमध्ये ठेवून शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळून बघा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर डोळ्यांना दिसतो. माउंटिंगसाठी बॉनेट उघडा, एकाला ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर टाकायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या समोर कधीच नाही. इंजिन एका बाजूला उचललं जात असेल तर माउंटिंग बदला.

हायवेवर साधारण साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते? रस्ता मोकळा बघून ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक नुसता शिवा. ब्रेकचा दिवा लागला की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप, म्हणजे वेगात इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच, सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय लॉक-अप क्लच आणि जुन्या ऑइलवर. थांबली नाही तर इंजिनचं मिसफायर, टायरचं बॅलन्सिंग, शाफ्ट बघा.

कोड पुसून टाकणं

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, वर-खाली काही बदलत नाही, म्हणजे कंट्रोलरने स्वतःला वाचवण्यासाठी लिम्प मोड लावलाय. स्कॅनरवर पी0700 आला की काही जण गिअरबॉक्स गेल्याचं जाहीर करतात. पी0700 एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदली आहे. खरी तक्रार दुसऱ्या कोडमध्ये असते: पी0715 इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटचा, पी0720 आउटपुट स्पीड सेन्सरचा, पी0740 लॉक-अपचा. सगळे कोड फोनवर फोटो काढून ठेवा, मगच पुसू द्या.

त्याआधी बॅटरी बघा. इंजिन बंद असताना 12.4 व्होल्टच्या खाली, किंवा चालू असताना 13.5 च्या खाली असेल तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगची पट्टी. व्होल्टेज पडलं की सोलेनॉइड (गिअरबॉक्समधले विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) वेडेवाकडे वागतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत अर्थिंगच्या नटाखाली गंज चढायला वेळ लागत नाही.

फोर-व्हील कोरड्या रस्त्यावर लावणं

पावसाळा आला म्हणून वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावून फिरणारे मालक आहेत. या गाड्यांत बहुतेक वेळा पार्ट-टाइम फोर-व्हील असतं, मधला डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही. सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर साचतो. मग टू-एच (फक्त मागची दोन चाकं) केलं तरी फोर-व्हील सुटत नाही आणि लिव्हर किंवा स्विचला दोष दिला जातो. असं अडकलं तर सरळ रेषेत दहा-वीस फूट रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतं. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे हवेत. दोनच नवे टायर टाकलेल्या गाडीत हाच त्रास होतो.

फोर-एल (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) टाकताना गाडी थांबवा, लिव्हर एनमध्ये घ्या, मग टाका. चालत्या गाडीत जबरदस्ती केली तर दात तुटतील.

शहरातल्या गाड्यांचा खरा शत्रू मात्र न वापरणं. वर्षभर फोर-व्हील लागतच नाही, मग जूनमध्ये माळशेजला नाहीतर गावाला चिखलात गरज पडते आणि दिवा लुकलुकतो. दर वेळी बिघाड आतलाच असेल असं नाही. पुढच्या ॲक्सलचा ॲक्चुएटर (पुढची चाकं जोडणारी छोटी मोटर किंवा व्हॅक्यूमचा भाग) अडकलेला असतो, त्याच्या प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, किंवा व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाडीत रबरी पाइप तडकलेला असतो. प्लग सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं हे पहिलं काम. आणि महिन्यातून एकदा, कच्च्या किंवा ओल्या रस्त्यावर, थोडं अंतर फोर-एच चालवा.

पाण्यातून गेल्यावर काही न करणं

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. या जागा मुंबईकराला सांगायला नकोत. फोर-बाय-फोर आहे म्हणून पाण्यात घालणं मला पटत नाही, पण वेळ आली आणि पाणी ॲक्सलपर्यंत चढलं तर नंतर तपासणी टाळू नका. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचा पाइप) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स या चारही ठिकाणचं ऑइल बघा. दुधी दिसलं तर त्याच आठवड्यात बदला; गिअरबॉक्सचं दुधी असेल तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे गाडी चालवूच नका. ब्रीदरचे पाइप साफ करून वर उचलून बांधणं हे अगदी स्वस्त काम आहे.

सोसायटीतली ढकलाढकली आणि टोइंग

डबल पार्किंगच्या सोसायटीत गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडून ठेवायची पद्धत आहे. ऑटोमॅटिक पीमध्ये असेल तर ढकलून हलत नाही; जोर लावला तर आतल्या खिटीवर ताण येतो. उतारावर आधी हँडब्रेक, मग पी. लिव्हर पीमधून निघतच नसेल तर आधी ब्रेक लाइट लागतायत का बघा. ब्रेकचा स्विच खराब असला तरी लिव्हर अडकतो. बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ छोट्या झाकणाखाली शिफ्ट-लॉक सोडायचं बटण असतं.

बंद पडलेली गाडी दोन चाकं उचलून, उरलेली दोन रस्त्यावर घासत नेऊ देऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले भाग कोरडे फिरतात. फोन करतानाच फ्लॅटबेड मागा, गाडी ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर आहे हे स्पष्ट सांगा, आणि साधी क्रेन आली तर परत पाठवा.