उतरलेली बॅटरी घरीच चार्ज करायची तर

मे महिन्याचा शेवट, नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाचे ते नऊ कडक दिवस, सुरू. तीन आठवड्यांनी गावाहून परत येऊन पार्किंगमध्ये गाडीत बसावं, किल्ली फिरवावी, तर बोनेटखालून नुसतं टक-टक-टक आणि डॅशबोर्डचे दिवे विझू-विझू झालेले. वॉचमन तयारच असतो, ‘साहेब, धक्का मारू का?’

धक्का मारून, नाहीतर शेजारच्याच्या गाडीला जम्पर केबल लावून काम भागतं, पण तेवढ्यापुरतंच. उभी गाडीसुद्धा घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म यांना थोडाथोडा करंट पुरवत असते. तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीत वीज किती मावते, किती गेली, ते मोजायचं माप), म्हणजे २१ दिवसांत २५. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी असते जेमतेम ३५ अँपिअर-अवरची. एवढं गेलेलं धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत गाडी नेऊन भरून येत नाही. रामटेकला जाऊन आलात तर बरंच येईल, पण पूर्ण भरेलच असं नाही. शिवाय गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी टिकवण्यासाठी असतो. पार उतरलेली बॅटरी भरायला त्याला लावणं म्हणजे त्यालाही तापवणं. म्हणून घरी एक चार्जर असलेला बरा.

आधी मीटर, मग चार्जर

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी निदान तीन-चार तास बंद असू द्या आणि बॅटरीच्या दोन टोकांना लाल-काळी टोकं टेकवा. १२.६ किंवा वर दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या खाली असेल तर आजच चार्जिंगला लावा. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती पूर्ण भरत नाही.

बॅटरीवरच्या छोट्या हिरव्या डोळ्यावर फार विसंबू नका. आत सहा सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाचीच खबर देतो.

टर्मिनलही बघून घ्या. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर निम्मा दोष तिचाच. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, दहा नंबरच्या पान्याने घट्ट आवळा, वरून थोडं व्हॅसलीन. कधीकधी एवढ्यावरच गाडी सेल्फ घेते.

चार्जर कोणता?

इथे माझी फजिती सांगून टाकतो. पहिला चार्जर घेताना दुकानदाराने पंधरा अँपिअरचा, काटा असलेला, लोखंडी पेटीतला जाडजूड चार्जर पुढे केला. म्हणाला, लवकर होते. मलाही जड वस्तू म्हणजे दणकट वस्तू असं वाटतं. रात्री लावला आणि झोपलो. सकाळी बाल्कनीत सडक्या अंड्यांचा वास, बॅटरीला हात लावला तर चटका, आणि बाजू फुगलेल्या. तो जुन्या पद्धतीचा चार्जर होता. बॅटरी भरली तरी करंट ढकलतच राहतो, बंद आपल्याला करावा लागतो. असे चार्जर गॅरेजमध्ये ठीक, कारण तिथे माणूस समोर असतो.

घरासाठी स्मार्ट चार्जरच घ्या. तो आधी जोरात भरतो, बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास आली की करंट आपणहून कमी करत नेतो आणि शेवटी साडेतेरा व्होल्टच्या आगेमागे नुसता धरून ठेवतो. चिमटे उलटे लागले तरी काही जळू नये ही सोय त्यात आहे ना, हे खोक्यावर वाचा. आपल्याकडे आणखी एक बघायलाच हवं : लाइट जाऊन आली की चार्जर जिथे होता तिथून आपोआप सुरू होतो का? वळवाच्या एका सरीत लाइट दोनदा जाते. दर वेळी बटण दाबायला खाली कोण जाणार?

अँपिअरचा हिशेब सोपा आहे. बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग. ३५ च्या बॅटरीला साडेतीन-चार, डिझेल गाडीच्या ६५ च्या बॅटरीला सहा-सात. कमी असला तर वेळ लागेल, बिघडणार काही नाही. ३५ ची बॅटरी अर्धी उतरली असेल तर सतरा-अठरा अँपिअर-अवर भरायचेत. चार अँपिअरने ते साडेचार तास दिसतात, पण शेवटी करंट कमी होत जातो, म्हणून सहा-सात तास धरा. म्हणजे रात्रभराचं काम.

व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थांबलात की इंजिन आपणहून बंद होत असेल, तर गाडीत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे असं सारखं बंद-चालू सोसणारी, बॅटरी असते. चार्जरवर तो पर्याय हवा. काही हायब्रिड गाड्यांत सीटखाली वेगळी लिथियमची बॅटरी असते, तिच्या वाटेला जाऊ नका.

आमच्या शेजारच्या काकांचा सल्ला वेगळाच होता : ‘चार्जर कायले घेतं रे? इन्व्हर्टरले लाव न!’ नका लावू. घरचा इन्व्हर्टर दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीच्या हिशेबाने करंट सोडतो. ३५ च्या बॅटरीचे त्याने तेच होईल जे माझ्या बाल्कनीत झालं.

लावायचं कसं

नागपूरच्या उन्हाळ्यात वेळ रात्रीचीच. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट. २५ अंशांना १४.४ योग्य असेल तर ४५ अंशांना १४ पुष्कळ झालं. साध्या चार्जरला हे कळत नाही. तो दुपारीही १४.४ च देतो आणि आतलं पाणी उडत राहतं. थंडीत बॅटरी सुस्तावते खरी, पण तिचं आयुष्य खातो उन्हाळाच. दुपारी गाडी चालवून आलात तर बोनेट उघडं ठेवून तास-दोन तास निवू द्या, मगच चार्जर.

जागा मोकळी हवी. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीवर भडकतो. म्हणून स्वयंपाकघर नको, देवघराजवळ नको, बंद खोली नको, कूलरखालची ओली फरशीही नको. सिगारेट ओढणाऱ्याला लांब बसवा.

बॅटरी गाडीतच असेल तर गाडी बंद, किल्ली खिशात, सगळे दिवे बंद. चार्जरचा प्लग अजून लावायचा नाही. लाल चिमटा प्लसवर. काळा चिमटा मायनसवर न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या, रंग नसलेल्या लोखंडी बोल्टवर लावा, बॅटरीपासून जरा लांब. ठिणगी उडालीच तर ती गॅसपाशी उडू नये, हे एक कारण. दुसरं असं की नव्या गाड्यांत मायनसच्या टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. काळा चिमटा थेट तिथे लावला तर भरलेला हिशेब गाडीला कळतच नाही. त्यानंतर चार्जरवर १२ व्होल्ट आणि बॅटरीचा प्रकार निवडा आणि शेवटी भिंतीवरचं बटण. एक्स्टेन्शन तीन पिनांचं, अर्थिंग असलेलं घ्या. पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या मीटरवर असेल तर सेक्रेटरींना आधी सांगा. वीज फार जात नाही, बोलणी मात्र फार बसतात.

खाली प्लगच नसेल तर बॅटरी काढून वर न्यावी लागते. काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना उलट, आधी प्लस. हा क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला तर मोठा जाळ होतो. बॅटरी उभीच धरा, आडवी नको, आणि अंगात जुना शर्ट घाला. ॲसिडचा एक शिंतोडा त्या दिवशी दिसत नाही, धुतल्यावर तिथे भोक पडलेलं दिसतं. बसवल्यावर घड्याळ आणि काचांची ऑटो सोय पुन्हा सेट करावी लागते.

बुचं असलेल्या बॅटरीत पाणी बघा. प्लेटा उघड्या असतील तर झाकण्यापुरतं डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, खुणेपर्यंतचं चार्जिंग झाल्यावर, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, आणि ॲसिड तर अजिबात घालू नका.

पहिल्या तासाभरात एकदा जाऊन हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, वास येत असेल, बाजू फुगत असतील तर भिंतीवरचं बटण लगेच बंद करा. चिमटे नीट लागलेले असूनही चार्जरने सुरुवातीलाच एरर दाखवली तर बहुतेक वेळा बॅटरी इतकी उतरलेली असते की त्याला ती ओळखता येत नाही. अशी बॅटरी घरी उठवत बसू नका, बॅटरीवाल्याकडे न्या.

काढताना आणि नंतर

आधी भिंतीवरचं बटण बंद, मग काळा चिमटा, मग लाल. लगेच मीटर लावलात तर १३ च्या वर दिसेल. ते वरवरचं असतं. रात्री चार्ज केलेली बॅटरी संध्याकाळी मोजा. १२.६ असेल तर काम झालं. गाडी सुरू करताना कोणाला तरी मीटर बघायला सांगा : सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. काही नव्या गाड्या तो आकडा मुद्दाम वरखाली करतात, त्याने दचकू नका.

भरलेली बॅटरी दोन दिवसांत पुन्हा बसली तर चार्जरला काम सांगू नका. एक तर बॅटरी गेली, नाहीतर गाडीत कुठेतरी करंट गळतोय. डॅशकॅम किंवा बाहेरून बसवलेला जीपीएस बहुतेक वेळा सापडतो. बॅटरी बदलायची ठरली तर जुनी भंगारात देऊ नका, नवी घेताना दुकानदार तीच घेऊन पैसे वळते करतो.

यंदा सुट्टीला जाताना मी मायनसची तारच काढून ठेवली. परत आलो, बॅटरी टवटवीत होती, पण सेंट्रल लॉकला वीज नसल्यामुळे रिमोट मेलेला. रिमोटच्या पोटातल्या लोखंडी किल्लीने दार उघडलं, तेही दहा मिनिटं खटपट करून, कारण ती किल्ली मी पाच वर्षांत एकदाही कुलपात घातली नव्हती. तुम्ही जाण्याआधी घालून बघा.