यंत्र जुनं चालेल, दगड जुना नको : जुना बेंच ग्राइंडर घेताना या चुका टाळा

सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात भंगाराच्या दुकानात शिरलात की गंजलेले पाइप आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग यांच्या ढिगात कुठेतरी एखादा जुना बेंच ग्राइंडर, म्हणजे टेबलावर बसवून धार लावायचं, लोखंड घासायचं यंत्र, पडलेला असतो. अंग बिडाचं, उचलायला दोन माणसं लागतील असं. दोन्ही बाजूंना झिजलेले दगड, रंगाचे पापुद्रे सुटलेले, नेमप्लेटवर तेल आणि धुळीचा जाड थर. तो किलोवर विकला जातो आणि कुठल्या तरी भट्टीत पुन्हा बीड होतो. मला ते बघवत नाही. असा ग्राइंडर नीट केला की आणखी एक पिढी सहज काम देतो, आणि आजच्या हलक्या पत्र्याच्या ग्राइंडरला तो थारा, ते वजन येत नाही.

आपल्याकडे ही यंत्रं अजून सापडतात, कारण इथे कारखानदारी जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर करायला सुरुवात केली. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ चा. पुढे साखर कारखाने आले, फाउंड्र्या आल्या, एमआयडीसी आली. प्रत्येक शेडमध्ये कोपऱ्यात एक ग्राइंडर असायचाच. त्या शेड बंद होतात, मालक बदलतात, आणि यंत्रं बाहेर पडतात. घेणारे हौशी लोकही वाढलेत. म्हणूनच काही चुका पुन्हा पुन्हा बघायला मिळतात.

आधी प्लग लावून बघणं

दुकानदार म्हणतो, "चालू आहे साहेब, लावून दाखवतो." लावू देऊ नका. आधी शाफ्ट हातानं फिरवा. मोकळा, गुळगुळीत फिरून सावकाश थांबला तर चांगलं. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. दगडाला धरून वर-खाली हलवा; ठकठक जाणवली तर बेअरिंग सैल आहे किंवा त्याची बैठक झिजलीय. बेअरिंग गेल्याचं दुःख करू नका. अशा ग्राइंडरमध्ये बहुधा ६२०३, ६२०४, ६२०५ असली साधी मापं असतात आणि ती कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. बैठक झिजली असेल तर मात्र टर्नरकडे जाणं आलं, तो खर्च आधीच धरा. फार जुन्या काही यंत्रांत बेअरिंगऐवजी गनमेटलचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, आणि वर तेलाच्या वाट्या असतात. त्यात ग्रीस कोंबू नका, तिथे पातळ तेलच लागतं.

सांगलीत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : हे यंत्र पुरात होतं का? २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी वर्कशॉपांत शिरलं. पुरातली मोटर वरून धुऊन, रंग मारून विकायला येते. ओळखायची खूण सांगतो. मागचं झाकण काढा आणि वायंडिंगच्या वेटोळ्यांमध्ये, स्क्रूच्या भोकांत बघा. वाळलेला करडा गाळ तिथे बसलेला असतो, बोटावर घेतला तर टाल्कम पावडरइतका बारीक. तो कुणी पूर्ण काढू शकत नाही. असं यंत्र घेऊ नये असं नाही. पण बेअरिंग बदलायची, वायंडिंग स्वच्छ करून मंद उष्णतेत नीट वाळवायचं आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वायंडिंगमधून अंगात वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्रानं, तपासायचं. रीडिंग एक मेगओहमच्या खाली असेल तर वीज जोडायची नाही. जुनी कापडी वेष्टनाची दोन तारांची केबल दिसली तर ती कापून टाका आणि अर्थिंगसह तीन तारांची नवी घाला. बिडाच्या अंगाला अर्थिंग नसेल तर तो ग्राइंडर वापरायचाच नाही.

नेमप्लेट वाचल्याशिवाय तर काहीच करू नका. रॉकेलात भिजवलेल्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसत राहिलं की अक्षरं एकेक करून वर येतात : व्होल्ट, एचपी, आरपीएम, फेज. 'हर्ट्झ'च्या जागी 'सायकल्स' लिहिलं असेल तर यंत्र बहुधा बरंच जुनं. 'डी.सी.' दिसलं तर घरच्या विजेवर ते लावायचं नाही.

जुन्या दगडावर विश्वास ठेवणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. यंत्राचं जुनेपण जपा, पण त्यावरचा दगड नवा घ्या. तो दगड कुठे पडला, कुणी आपटला, किती पावसाळे ओल्या भिंतीला टेकून होता, त्यावर तेल सांडलं का, हे कुणालाच माहीत नसतं.

आकडे बघा. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८८० फेरे घेते. आठ इंची दगडाची कड त्या वेगाला सेकंदाला तीस मीटर धावते, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. त्यात तडा असला तर तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. आणि आठ इंचीच्या जागी गार्ड, म्हणजे दगडावरचं लोखंडी झाकण, काढून दहा इंची दगड बसवणारे लोकही मी पाहिलेत. कडेचा वेग त्यामुळे सव्वापट होतो आणि गार्डही गेलेलं असतं. दगडावर छापलेले आरपीएम मोटरच्या आरपीएमपेक्षा जास्त असलेच पाहिजेत.

नवा दगडसुद्धा वाजवून घ्या. कोरडा दगड भोकातून बोटावर किंवा दांडीवर लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टिचकी मारा. मधल्या उभ्या रेषेपासून डावीकडे आणि उजवीकडे पंचेचाळीस अंशांवर, कडेपासून इंच-दीड इंच आत. चांगला दगड टण्ण वाजतो, ताटावर चमचा लागावा तसा. तडा गेलेला बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. थोडा फिरवून पुन्हा वाजवा. बद्द आवाज एकदाही आला तर दगड फोडून टाका, म्हणजे दुसरा कुणी तो उचलून लावणार नाही.

बसवताना दोन्ही बाजूंच्या फ्लॅन्ज, म्हणजे दगडाला दोन्हीकडून धरणाऱ्या लोखंडी चकत्या, सारख्या मापाच्या आणि दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश हव्यात. भंगारातल्या यंत्रावर बऱ्याचदा एक फ्लॅन्ज हरवलेली असते आणि तिच्या जागी कुणीतरी साधा वायसर घातलेला असतो. तसं चालवू नका. टर्नरकडून फ्लॅन्ज करून घ्या. दगडाला चिकटून येणारी कागदी चकती काढून फेकू नका, दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून ती असते. नट दगड घट्ट धरेल इतकाच आवळा. पान्याला पाइप लावून आवळला तर दगडाला तिथेच तडा जातो. पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामा फिरू द्या.

फिरण्याची दिशा न बघणं

हे माझ्यावर बेतलंय. तीन फेजचा एक देखणा ग्राइंडर कुपवाडच्या शेडमध्ये आणला आणि जोडून घेतला. ज्यानं जोडला त्यानं दिशा बघितली नाही, मीही बघितली नाही. चालू केला तेव्हा तो उलटा फिरला. दोन सेकंदांत उजव्या बाजूचा नट सैल होऊन दगड गार्डला घासायला लागला. स्विच हाताशी होता आणि गार्ड जाग्यावर होतं, म्हणून मी आज हे लिहितोय.

दगड वरून आपल्याकडे येत खाली फिरला पाहिजे. उजव्या नटाचे आटे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात ते याचसाठी : योग्य दिशेनं फिरताना दोन्ही नट आपोआप आवळत जातात. उलट फिरलं की दोन्ही सुटतात. तीन फेजच्या यंत्राचे दगड आणि नट काढून आधी नुसता शाफ्ट फिरवून बघा. दिशा चुकली तर कुठल्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करा. आणि डावा नट सोडवताना तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवावा लागतो हे लक्षात ठेवा. ते न कळल्यामुळे हातोडा मारून शाफ्टचे आटे खराब केलेली यंत्रं मी कितीतरी बघितलीत.

सुतातल्या बोल्टला मिलिमीटरचा नट

१९५६ च्या कायद्यानंतर देश हळूहळू मेट्रिकवर आला. त्याआधीची आणि नंतरच्या काही वर्षांतलीही यंत्रं व्हिटवर्थ, म्हणजे इंचाच्या मापातल्या जुन्या इंग्रजी आट्यांची असतात. चार सुती म्हणजे अर्धा इंची बोल्टला इंचाला बारा आटे. बारा मिलिमीटरचा नट दिसायला जवळचा, पण त्यावर नीट बसत नाही. तिथे जोर लावला की आटे गेले. थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या, लावा, किंवा जुना नट दुकानात घेऊन जा. पानाही इंचातलाच वापरा, नाहीतर डोकी गोल होतात.

गंज काढताना यंत्रच खरवडणं

अँगल ग्राइंडर घेऊन जुनी व्हाइस चकाचक करणारे लोक मापं आणि नावं कायमची पुसून टाकतात. बिडात उठून आलेलं कारखान्याचं नाव हीच त्या वस्तूची ओळख. रॉकेल, तारेचा ब्रश आणि दोन-तीन दिवसांचा धीर एवढ्यानं बराच गंज निघतो. बारीक हत्यारांना व्हिनेगर किंवा चिंचेचं पाणी चालतं, नंतर लगेच धुऊन, वाळवून तेल लावा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेनं गंज काढायचा असेल तर ते उघड्या हवेत करा आणि दुसऱ्या बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका.

धार लावता लावता पाणी घालवणं

वडिलांच्या वेळची पटाशी, छिन्नी, कोयता हे बहुधा कार्बन पोलादाचं. दगडावर जोर देऊन धरलं की धारेवर आधी गवताचा पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. निळ्यापर्यंत गेलं म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्या धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला. जवळ पाण्याचा डबा ठेवा, हलकं धरा, वारंवार बुडवा. लेथच्या हायस्पीड पोलादाच्या टूलला मात्र हा नियम नाही. ते निळं पडलं तरी टिकतं, उलट तापलेलं टूल पाण्यात टाकलं तर त्याला तडे जातात. आणि अॅल्युमिनियम किंवा तांबं करड्या दगडावर कधीच धरू नका, दगडाची छिद्रं बुजतात आणि तो कापेनासा होतो.

चालू केल्यावर त्रास देत असेल तर

सिंगल फेज ग्राइंडर नुसता गुणगुणतो, फिरत नाही : मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर बघा, मग आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचचे (मोटरनं वेग घेतला की आपोआप उघडणाऱ्या स्विचचे) पॉइंट. जुन्या यंत्रात ते काळे पडलेले असतात, बारीक कागदानं पुसले की बहुतेक वेळा काम होतं. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करा.

थरथरतो : दगड काढून नुसती मोटर चालवा. थरथर गेली तर दोष दगडात किंवा फ्लॅन्जमध्ये, राहिली तर शाफ्ट वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. दोष दगडाचाच निघाला तर ड्रेसरनं, म्हणजे दगड खरवडून सपाट करायच्या हत्यारानं, तोंड सरळ करून घ्या.

टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि दगड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका. दगड झिजला की रेस्ट पुढे सरकवा, वरची ठिणगी अडवणारी पट्टीही सहा मिलिमीटरच्या आत आणा. त्या फटीत छोटी वस्तू ओढली गेली की दगड फुटतो. चष्मा लावा, कापडी हातमोजे काढा, आणि खांद्यावरचा टॉवेल खुंटीला लावून मगच स्विच दाबा.