छोट्या ख्रिस्ती मंडळीचे वर्षाचे वेळापत्रक कसे आखावे

ठाणे किंवा नवी मुंबईतील चाळीस-पन्नास कुटुंबांच्या मराठी मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचे, सेक्रेटरीपद ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांनी वर्षाची आखणी ऑक्टोबरातच सुरू करावी आणि पहिली नोंद ईस्टरची करावी. नाताळ ठरलेल्या तारखेला येतो, ईस्टर मात्र 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये सरकत राहतो. वसंतसंपातानंतरच्या (21 मार्चच्या सुमाराच्या, दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसानंतरच्या) पौर्णिमेवर तो ठरत असल्यामुळे बहुतेक वर्षी तो होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, हे आपल्याला कॅलेंडरवर सहज पडताळता येते. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला, म्हणजे होळीनंतरच्या रविवारी आहे. त्यावरून राखेचा बुधवार (ॲश वेन्सडे) 10 फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) 21 मार्च, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) 26 मार्च आणि पन्नासाव्या दिवसाचा सण (पेंटेकॉस्ट) 16 मे असे दिवस निघतात.

या तारखा लिहून झाल्या की त्यांच्या शेजारी आपल्या माणसांचे वर्ष मांडावे. लेंतचे, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळाचे, दिवस आणि दहावी-बारावीच्या परीक्षा बहुधा एकत्रच येतात, म्हणून घरोघरच्या प्रार्थनासभा ज्या घरी परीक्षार्थी मूल नाही तिथे ठेवाव्यात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थनादिन असतो; त्याची तयारी पूर्णपणे महिला मंडळाकडे सोपवावी आणि त्या आठवड्यात त्यांच्यावर दुसरे काम टाकू नये. मे महिन्यात अनेक कुटुंबे अहिल्यानगर, जालना या भागांतील आपल्या गावी जातात. आमच्या मंडळीने एका वर्षी मुलांची बायबल शाळा मेच्या मध्यावर ठेवली होती. शिक्षिका चार आणि मुले सात होती, आणि त्या शिक्षिकांनी रात्री जागून कापलेली रंगीत चित्रे तशीच पेटीत राहिली, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून आम्ही ती जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतो. मात्र ज्या मंडळीत केंद्रीय बोर्डाच्या शाळांतील मुले जास्त असतील, तिने आधी त्या शाळांच्या सुट्ट्या विचारून घ्याव्यात.

उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी बारा ते तीन चालते आणि येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. छोट्या मंडळीत हे सात जण मिळवणे हेच मोठे काम असते. बाहेरून वक्ते बोलावण्यापेक्षा आपल्यातील एक तरुण, एक आजी आणि एक शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची) शिक्षिका यांना जानेवारीतच एकेक उद्गार द्यावा, कारण दोन महिने त्या एका वचनाबरोबर राहिलेल्या माणसाचे बोलणे मंडळीच्या मनात उतरते. मधल्या गीतांमध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग जरूर ठेवावेत. वयस्कर मंडळी ते पुस्तक न उघडता म्हणतात.

रविवारच्या उपासनेची वेळ ठरवताना मेगाब्लॉकचा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलगाड्या बंद ठेवण्याचा, विचार करावा. ठाणे-वाशी मार्गावरील गाड्या बंद असल्या की घणसोली किंवा कोपरखैरण्याहून ठाण्याला येणारे वृद्ध घरीच राहतात. ब्लॉकची घोषणा होताच, शनिवारी संध्याकाळपर्यंत, कोणाच्या गाडीत कोण येणार हे फोनवरून निश्चित करावे. हे काम एका माणसाच्या नावावर असावे, कारण सर्वांवर सोपवलेले काम कोणीच करीत नाही. पावसाळ्यात संध्याकाळच्या सभा कमी ठेवाव्यात.

हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि 2027 मध्ये ती तारीख ईस्टरनंतर अवघ्या तीन दिवसांनी आहे. म्हणून खजिनदारांनी दानाच्या पावत्या झावळ्यांच्या रविवारापूर्वीच जुळवून ठेवाव्यात. हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाला) शेती नसलेल्या शहरी घरांतून तांदूळ, भोपळा, घरची चकली येते आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. बोली परवडत नाही म्हणून कोणी बाजूला उभे राहू नये यासाठी लहान वस्तूंच्या बोलीने सुरुवात करावी.

आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार 2027 मध्ये 28 नोव्हेंबरला आहे, तेव्हा कॅरल (नाताळची गीते) म्हणायला जायची घरे त्याआधीच वाटून घ्यावीत. एका संध्याकाळी एकाच नोडमधील (वसाहतीतील) पाच-सहा घरे पुरेशी होतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी कळवावे, रात्री दहाच्या आत गाणे संपवावे आणि यादीत सर्वांत वर त्या घरांची नावे लिहावीत, जिथे या वर्षी कोणी दगावले आहे. अशा घरी जाण्यापूर्वी पाळकांनी एकट्याने एकदा भेट देऊन घरच्यांची इच्छा विचारावी; ते नको म्हणाले तर गाणे न म्हणता फक्त प्रार्थना करून यावे.