होमस्कूलिंगमधील बारावीचे वर्ष : या चुका टाळा

कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या बारावीचा बराचसा भार कॉलेजचे कार्यालय गुपचूप वाहत असते. परीक्षेचा अर्ज, प्रॅक्टिकलच्या तारखा, जात पडताळणीचा प्रस्ताव, दाखला यांपैकी फारसे काही पालकांना स्वतःहून आठवावे लागत नाही; सूचनाफलकावर कागद लागतो आणि मुले रांगेत उभी राहतात. घरी शिकणाऱ्या मुलामागे असे कार्यालय नसते, आणि या शेवटच्या वर्षात जे बिनसते त्याचे मूळ बहुतेक वेळा अभ्यासापेक्षा याच उणिवेत सापडते. महाराष्ट्रातील अनेक होमस्कूलिंग कुटुंबे बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळाचा मार्ग धरतात. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून केले आहे.

‘पाच वर्षे आहेत, घाई कशाला?’

एनआयओएसची नोंदणी पाच वर्षे वैध असते, सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. ही सवलत खरी आहे, परंतु पदवीच्या प्रवेशांचे वेळापत्रक तिची दखल घेत नाही. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दहावी आणि बारावी यांतील अंतराचा हिशेब न करणे. दहावी उत्तीर्ण झाल्यानंतर बारावीचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी दोन वर्षांचे अंतर आवश्यक मानले जाते. एक वर्षानंतर परीक्षेला बसता येते, पण जास्तीत जास्त चार विषयांना. समजा, मुलीने दहावीचा शेवटचा विषय २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोडवला. नियम शब्दशः लावला, तर २०२६ च्या एप्रिल-मेमध्ये तिची दोन वर्षे भरत नाहीत, पाचवा विषय ऑक्टोबरवर जातो आणि त्या उन्हाळ्यातील प्रवेश हातचे जातात. म्हणून दहावीच्या मार्कशीटवरील महिना पाहून आणि चालू वर्षाची माहितीपुस्तिका समोर ठेवून हा हिशेब आधीच मांडावा.

याच्या उलट घाईही नडते. घरी शिकणारी काही मुले लवकर पुढे जातात. मात्र वैद्यकीय प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी बारावी झालेल्या मुलाला त्यासाठी थांबण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते वर्ष कशासाठी वापरायचे हे आधी ठरलेले असेल तर त्यात वाईट काहीच नाही.

विषयांची निवड

प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय आणि त्यांत किमान एक भाषा, एवढीच एनआयओएसची अट आहे. मुलाला आवडतील ते पाच विषय घेण्याचा मोह यातूनच होतो, आणि होमस्कूलिंगच्या वृत्तीला तो साजेसाही आहे. तथापि प्रवेश देणाऱ्या संस्थांच्या अटी वेगळ्या असतात. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांबरोबर इंग्रजीही लागते. आयआयटीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय हवे असतात. मुलाचे मन अजून दोन वाटांवर रेंगाळत असेल, तर सहावा विषय जोडून ठेवणे हा ऐनवेळी विषय बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. मुक्त शाळेतून बारावी केली की डॉक्टर होता येत नाही, असे सांगणारा एखादा नातेवाईक प्रत्येक घरात भेटतो. ती जुनी आडकाठी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द ठरवली आहे.

बारावीच नको, असे म्हणणारेही असतात, आणि त्यांच्या तोंडी हमखास मुंबईच्या मालविका राज जोशीचे नाव असते. ती २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतील एमआयटीत गेली हे खरे आहे. पण तिच्यापाशी आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाड या संगणक प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेतील तीन पदके होती, आणि तरीही बारावी नसल्यामुळे आयआयटीची वाट तिला बंदच होती. या उदाहरणाचा दुसरा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

टीएमए आणि प्रॅक्टिकल

लेखी गुणांपैकी २० टक्के भार टीएमए या घरी लिहायच्या स्वाध्यायांना असतो. ‘परीक्षेत भरून काढू’ म्हणून ते सोडून देणे मला अनाकलनीय वाटते, कारण आयआयटी किंवा एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के) किंवा मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत, स्थान लागते, आणि तिथे हेच गुण तोलून धरतात. टीएमए अपलोड केल्यावर पोचपावती जपून ठेवावी; गुण नोंदलेले दिसले नाहीत तर एनआयओएसच्या आपल्या अभ्यास केंद्राकडे तोंडी चौकशी न करता ती पावती जोडून लेखी अर्ज करावा.

प्रॅक्टिकलमध्ये स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. ब्युरेट कधीही हातात न धरलेला मुलगा रसायनशास्त्राचे लेखी उत्तम देऊनही अडकू शकतो. नोंदणी करतानाच अभ्यास केंद्रात प्रयोगशाळा प्रत्यक्ष चालू आहे का, हे पाहून यावे. नसेल तर एखाद्या क्लासची किंवा ओळखीच्या कॉलेजची प्रयोगशाळा काही आठवडे मिळवण्याची तजवीज परीक्षेच्या पुष्कळ आधी करावी लागते.

सलग तीन तास पेनने लिहिण्याची सवय हा विषय क्षुल्लक वाटतो, पण चर्चेतून, प्रकल्पांतून आणि संगणकावर शिकलेल्या मुलाचा हात दुसऱ्या तासाला अक्षरशः भरून येतो. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण लिहून घेणे एवढाच त्यावर इलाज आहे.

कागदपत्रे

सगळ्यांत जास्त पालक इथे गाफील राहतात. जन्मदाखला, आधार आणि दहावीची मार्कशीट या तिन्हींवरील नाव काढून शेजारी शेजारी ठेवावे. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. एकावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर ते नाहीच, असे प्रकार महाराष्ट्रात घरोघरी आहेत, आणि प्रवेश परीक्षेच्या अर्जातील नाव दहावीच्या मार्कशीटशी जुळले नाही की कागद तपासताना खोळंबा होतो.

सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेद्वारे राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला, लागतो, आणि राज्यातूनच बारावी उत्तीर्ण होण्याच्या अटीमुळे अभ्यास केंद्रही महाराष्ट्रातीलच निवडणे शहाणपणाचे ठरते. डोमिसाईलच्या अर्जाला सहसा शाळा सोडल्याचा दाखला जोडतात. तो मुळात नसेल तर जन्मदाखला, रेशनकार्ड, वीजबिले असे वास्तव्याचे पुरावे गोळा करावे लागतात, आणि सेतू केंद्रात दोन-तीन हेलपाटे गृहीत धरावेत.

राखीव प्रवर्गातील मुलांचा प्रश्न अधिक बिकट आहे. जात वैधता प्रमाणपत्राचा विद्यार्थी म्हणून करायचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह जातो, आणि येथे कॉलेजच नसते. अभ्यास केंद्राचे प्रमुख असे पत्र देतील का, आणि जिल्ह्याची जात पडताळणी समिती ते ग्राह्य धरेल का, हे अकरावीच्या वयातच दोन्हीकडे लेखी विचारून घ्यावे. मुलाची शालेय नोंद नसल्यामुळे वडिलांचा व आजोबांचा शाळेचा दाखला, किंवा वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र, यांवर सारी मदार असते. गावाकडच्या शाळेतून असा जुना उतारा काढायला उन्हाळ्याची सुट्टी उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा त्या शाळेचे कार्यालयही बहुधा बंद असते. नॉन-क्रीमीलेअर (कुटुंबाचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचे) प्रमाणपत्र मात्र फार आधी काढून चालत नाही, कारण ते ठरावीक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच वैध असते. प्रवेशाच्या वर्षी चालेल असेच ते काढावे.