कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना त्याची बांधणी कशी पारखावी

प्रोसेसर आणि रॅमचे आकडे बहुतेक विद्यार्थी पाठ करून दुकानात जातात. मात्र तीन-चार वर्षे सॅकमधून लोकल आणि एसटीने फिरणाऱ्या यंत्राची बांधणी कागदावरून कळत नाही, ती हातानेच पारखावी लागते. खरेदी ऑनलाइन करायची असली, तरी तेच मॉडेल एकदा दुकानात उघडून पाहावे.

सुरुवात बिजागरीपासून करावी. झाकण आधी मधोमध एका बोटाने सावकाश उचलावे आणि मग एका कोपऱ्याला धरून उघडावे. दुसरी बाजू मागे राहत असेल, करकर ऐकू येत असेल किंवा बिजागरीजवळची फट रुंदावत असेल, तर ते मॉडेल घेऊ नये. बिजागरी घट्ट असणे आणि मजबूत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपची पोलादी बिजागरी शाबूत होती, पण तिचे स्क्रू ज्या इवल्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांसकट उखडून आले होते. सेवा केंद्राने त्याला ‘फिजिकल डॅमेज’ ठरवून वॉरंटी नाकारली. बिजागरी फार घट्ट असेल, तर प्रत्येक उघडझापीचा ताण त्या खुंट्यांवरच येतो.

त्यानंतर साहित्य पाहावे. ‘मेटॅलिक फिनिश’ हा शब्द अनेकदा प्लॅस्टिकवरच्या रंगासाठी वापरलेला असतो. लॅपटॉप बंद असताना त्याला हाताची मागची बाजू लावावी. ॲल्युमिनियम प्लॅस्टिकपेक्षा स्पष्टपणे गार लागते. (लोहचुंबक नेण्याचा उपयोग नाही, ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही.) तरीही धातू दिसला म्हणून भुलू नये, कारण पातळ पत्र्याला पोचा पडला की तो तसाच राहतो, तर चांगले पॉलिकार्बोनेट (एक चिवट प्लॅस्टिक) वाकून पुन्हा सरळ होते.

आता कीबोर्डच्या मध्यावर, ‘जी’ आणि ‘एच’ या कळांपाशी, बोटाने दाबावे. किंचित लवणे चालते, पण अख्खा पृष्ठभाग गादीसारखा खचू नये. मग लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्याने उचलावा. त्या वेळी टचपॅड आपोआप ‘टक्’ वाजला, तर सांगाडा पिळवटतो आहे असे समजावे. पोर्टमध्ये स्वतःचा पेनड्राइव्ह घालून पाहावा आणि चार्जरची पिन डुगडुगत नाही ना, हेही तपासावे. चार्जिंगचा जॅक मदरबोर्डवरच झाळलेला असेल, तर त्याची दुरुस्ती महाग पडते.

जाहिरातीतील ‘मिल-एसटीडी-८१०एच’ हे अमेरिकी संरक्षण खात्याचे २०१९ मधील चाचणी-मानक आहे. ते खाते कोणत्याही लॅपटॉपला त्याचे प्रमाणपत्र देत नाही आणि कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते. म्हणून पडण्याची आणि कंपनाची चाचणी झाली आहे का, एवढे नेमके विचारावे.

पैसे देण्यापूर्वी अपघाती नुकसानीच्या संरक्षण योजनेत बिजागरी येते का, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न सोडता अटींच्या कागदावर स्वतः वाचून घ्यावे.