घरातल्या कुंडीलाही वाफसा हवा

पावसाळ्यात खिडकीपासून दूर ठेवलेल्या मनी प्लांटची खालची पाने पिवळी पडू लागली, तर लगेच पाणी किंवा खत वाढवू नका. आधी कुंडीत दोन इंच बोट खुपसून पाहा. माती चिकट, ओली लागली आणि आंबूस वास आला, तर मुळे गुदमरली आहेत.

उजेड कमी असला की झाड अन्न कमी बनवते आणि पाणीही कमी ओढते. त्यात हवा दमट. गॅलरीत दोन दिवसांत सुकणारी कुंडी घराच्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस ओली राहते. शेतात उघडीप मिळाली की पाणी खाली झिरपते, मातीत हवा शिरते, म्हणजेच वाफसा येतो. कुंडीत हवेसाठी ही पोकळी मातीच्या मिश्रणातूनच द्यावी लागते.

मनी प्लांट आणि ॲग्लोनिमासाठी एकाच भांड्याने मोजून ३ मापे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ मापे परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), १ माप गांडूळखत आणि १ माप चाळलेली लाल माती घ्या. परलाइटऐवजी हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे चालतात, पण त्यातली भुकटी चाळून काढा, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट जमिनीखालच्या जाड खोडात पाणी साठवतात. त्यांना कोकोपीट २, विटांचे तुकडे ३, माती १ आणि गांडूळखत अर्धे माप पुरे. ६ इंची कुंडीला साधारण २ लिटर मिश्रण लागते.

कोकोपीट भिजवल्यावर दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. अर्धवट कुजलेले शेणखत घरात नकोच, त्यावर चिलटे होतात. काळी मातीही टाळा. ती ओली असताना फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निघून जाते.

सर्वांत जास्त फसगत होते ती नर्सरीतून आलेल्या लाल मातीच्या घट्ट गोळ्यामुळे. तो तसाच नव्या मिश्रणात ठेवला, तर बाहेरचा भाग सुकलेला दिसतो, आत मात्र चिखल असतो. आपण वरून पाणी घालत राहतो आणि मुळे कुजतात. गोळ्याची बाहेरची एक तृतीयांश माती हळूच मोकळी करा. काळी, मऊ मुळे निर्जंतुक कात्रीने कापा आणि उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच लहान कुंडी घ्या. निरोगी झाड मात्र ऐन पावसाळ्यात उपटू नका, गणपतीनंतर उघडीप मिळेल तेव्हा कुंडी बदला.

तळाशी खडीचा थर घालू नका. पाणी त्या थराच्या वरच अडून राहते आणि मुळांची जागा कमी होते. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरतो. कुंडी भरल्यावर पाणी ओतून पाहा. ते मिनिटभर वर साचून राहिले, तर आणखी एक माप परलाइट मिसळा. कुंडीखालच्या बशीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाका आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नका.